बर्डीची प्लॉटर प्रिंट: ३ स्टार, तेही दुसऱ्या फेरीचे

नागपूरला बर्डीवरच्या एका प्लॉटरवाल्याकडे (मोठ्या कागदावर प्रिंट काढून देणाऱ्याकडे) गेली होती, दुकानाचं नाव लिहीत नाही कारण शेवटी भाऊनं काम नीट करून दिलं. अकरावी-बारावीचा भूगोल शिकवते मी, पोरांच्या प्रॅक्टिकलसाठी ५५ ओ/४ पाहिजे होती, म्हणजे आपल्या नागपूरचीच सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट (जमिनीचा चढउतार, पाणी, रस्ते दाखवणारा नकाशा), १:५०,००० प्रमाणाची, फाईल ए-वन (A1) साइजची. पेन ड्राइव्ह दिला अन् चहा प्यायला गेली, तिथंच चुकलं.

परत आली तं एथ्रीवर (A3) ब्लॅक अँड व्हाइट काढून ठेवलेली. म्हणे मॅडम, पैसे वाचवले तुमचे! अरे बावा, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) तपकिरी, पाणी निळं, रस्ते अन् पायवाटा लाल, म्हणून तं ती शीट वाचता येते. सगळं करडं झाल्यावर पोरगं पायवाटेलाच ३२० मीटरची समोच्च रेषा समजून बसेल. त्यात आपलं गाव सपाट, दर २० मीटर उंचीला एक रेषा म्हटलं तर आधीच मोजक्या दिसतात.

पण खरा घोळ फिट टू पेजचा, म्हणजे कागदात मावेल असं लहान करून छापायचा. ए-वनचं एथ्री केलं की लांबी निम्मी होते, खाली छापलेलं १:५०,००० मात्र तसंच राहते. मूळ शीटवर दोन रेषांत ४ मिमी अंतर असलं तर २०० मीटर चालून २० मीटर चढ, म्हणजे १० ला १. निम्म्या शीटवर तेच २ मिमी भरते, पोरगं छापलेलं प्रमाण धरून १०० मीटर लिहिते अन् उतार डबल, ५ ला १! खालची किलोमीटरची पट्टी तेवढी नकाशासोबतच आकसते म्हणून तिच्यावरून मोजलं तर चालते, पण परीक्षेत पट्टी कोण पाह्यते.

हे सांगितलं तं भाऊ म्हणे, "रेषाच तं आहेत ना मॅडम."

मग मात्र त्यानं स्वतः अ‍ॅक्चुअल साइजवर टाकून कलर काढली, मी स्केल लावून पाह्यलं, २ सेंटिमीटरला बरोबर १ किलोमीटर. बारीक रेषाही फुटल्या नाहीत, प्रिंटर चांगला आहे त्याच्याकडे. आधीच्या प्रिंटचे पैसे घेतले नाही. हौ, लॅमिनेशन करून देतो म्हणून मागे लागते तो, करू नका, त्याच्यावर पेन्सिल चालत नाही.