मुलीच्या जर्मनीच्या अ‍ॅडमिशनसाठी मी ३,८३,००० रुपये घालवले

रक्कम आधी सांगतो, म्हणजे 'गेले असतील थोडेफार' असं कुणाला वाटायला नको. १२ डिसेंबर २०२४ ला १,१८,००० रुपये. ३ मार्च २०२५ ला १२,५००. २१ एप्रिलला ५२,५००. ९ मे ला २,००,०००. एकूण ३,८३,०००. सगळे माझ्या फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे. सांगली जिल्ह्यात एका सहकारी बँकेत मी ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा कर्ज विभागात. लोकांची कागदपत्रं तपासून मी कर्जं नाकारली आहेत. म्हणूनच हे सांगायला लाज वाटते, आणि सख्ख्या भावालाही मी अजून सांगितलेलं नाही. पण येत्या हिवाळी सत्रासाठी आपल्याकडची कितीतरी मुलं आत्ता अशाच ऑफिसांत बसलेली असतील, म्हणून लिहितोय.

मुलगी मेकॅनिकल इंजिनीअर, सीजीपीए ७.८, चाकणला दोन वर्षं नोकरी. प्रॉडक्शन इंजिनीअरिंगमध्ये मास्टर्स करायचं तिच्या मनात पक्कं होतं, आणि जर्मनीच का, तर तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. तिची शिफ्ट ड्यूटी, आठवड्याला पाळी बदलायची. पोर्टल, मुदती, जर्मन नावं हे माझ्या आवाक्यातलं नव्हतं. कुणीतरी माहीतगार हवा, एवढंच आमच्या डोक्यात होतं. 'स्वतः का नाही केलं?' असं जे आता विचारतात, त्यांना मी विचारतो, तुम्ही घराचा व्यवहार वकिलाशिवाय करता का?

ऑफिस पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. भिंतीवर व्हिसा मिळालेल्या मुलांचे फोटो. चालवणारा पस्तिशीचा, आमच्याच बाजूचा, पहिल्या दहा मिनिटांत ओळखीची दोन गावं निघाली. मुलगी त्याला सर म्हणायची, तो मला काका. 'काका, तुम्ही फक्त तिची बॅग भरा.' सात सरकारी विद्यापीठं, एसओपीपासून (म्हणजे 'हा अभ्यासक्रम मला का करायचाय' हे सांगणारं अर्जासोबतचं पत्र) व्हिसापर्यंत सगळं, फी एक लाख अधिक १८ टक्के जीएसटी. पाचशेच्या स्टॅम्पवर करार केला. चेक फर्मच्या नावानं दिला, पावतीवर जीएसटी नंबर होता. एवढं पाहिल्यावर कुणाला शंका येईल? तो नंबर आमच्या पावतीच्या आधीच रद्द झालेला होता, हे मला ऑगस्टमध्ये कळलं. जीएसटीच्या साइटवर लॉगिनसुद्धा न करता एका मिनिटात दिसतं. पैसे देण्याआधी तो एक मिनिट काढा.

पहिल्याच आठवड्यात त्यानं मुलीच्या नावाचा नवीन ईमेल काढला, 'अर्जांसाठी वेगळा ठेवायचा असतो' म्हणून. पासवर्ड त्याच्याकडे. आम्हाला ती सोय वाटली. अर्जाचा ईमेल आणि पोर्टलचा पासवर्ड दुसऱ्याच्या हातात गेला, की विद्यापीठ काय म्हणतंय ते तुम्हाला त्याच्याच तोंडून ऐकावं लागतं. पुढचे सहा महिने आम्ही तेच ऐकत होतो.

एपीएसचे १८,००० रुपये मात्र मुलीनं स्वतः थेट भरले. भारतातल्या पदव्या तपासून दिलं जाणारं हे प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीसाठी लागतं. ते खरं आलं, आणि आजही कामाचं आहे. या सगळ्यात जे तिच्या हातून गेलं तेवढंच शाबूत राहिलं.

मार्चमध्ये एसओपी आणि शिफारसपत्रांचे १२,५०० वेगळे मागितले. करारात ते पॅकेजमध्येच होतं. मी तसं म्हटलंही, पण 'स्पेशल एडिटर जर्मनीत आहे' म्हणाला. क्यूआर कोड पाठवला, मी भरले. रक्कम लहान होती आणि वाद घालून मुलीचं काम अडकवायचं नव्हतं.

२१ एप्रिलचे ५२,५०० हा मुलीला सलणारा भाग. युनी-असिस्टकडे, म्हणजे अनेक जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज घेऊन तपासणाऱ्या संस्थेकडे, सात अर्ज, प्रत्येकी ७५ युरो, म्हणजे ५२५ युरो, आणि युरो शंभर रुपयांनी धरलेला. बाजारात तेव्हा त्याहून कमी होता. त्यानं पीडीएफ पावती पाठवली, सातही नावं खाली लिहिलेली. खरा हिशोब असा, की युनी-असिस्ट एका सत्रात पहिल्या अर्जाला ७५ युरो घेतं आणि पुढच्या प्रत्येकाला ३०. सात अर्जांचे २५५ युरो होतात. ही फी त्यांच्याच साइटवर उघड लिहिलेली आहे. दुसरं, त्या यादीत आखेनचं विद्यापीठ होतं. आखेन मास्टर्सचे अर्ज युनी-असिस्टमधून घेतच नाही, त्यांचं स्वतःचं पोर्टल आहे, आणि युरोपबाहेरच्यांची मुदत १ मार्चलाच संपते. म्हणजे मुदत संपून सात आठवडे झालेल्या अर्जाची, चुकीच्या संस्थेच्या नावाची, चुकीच्या फीची पावती आमच्या हातात होती. तिनं ती रात्रपाळीहून आल्यावर फोनवर पाहिली आणि झोपली. अजून ती स्वतःला दोष देते. मी तिला सांगतो, तुझी चूक नाही, व्यवहार बघणं माझं काम होतं.

कारण खरी चूक ९ मे ला झाली, आणि ती माझी.

मे च्या पहिल्या आठवड्यात त्यानं मुलीला बोलावून घाबरवलं. जर्मन पद्धतीनं तुझे मार्क २.१ येतात, काठावर आहेस, सरकारी नाही लागलं तर वर्ष फुकट. हा आकडा कसा काढतात तेही आता आम्हाला पाठ झालंय. दहातून ७.८ वजा केले की २.२, त्याला पासिंगपासून वरच्या सहा गुणांनी भागायचं, तिनानं गुणायचं, त्यात एक मिळवायचा. येतात २.१, हे त्याचं बरोबर. पण तिथे एक म्हणजे उत्तम, आणि पुष्कळ अभ्यासक्रमांची अट २.५ पर्यंतची असते. काठावर वगैरे काही नव्हतं. तुमच्या मुलाचा आकडा घरी काढा आणि प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पानावरच्या अटीशी स्वतः जुळवा. बीईला कोणते विषय किती क्रेडिटचे झालेत हेही ती विद्यापीठं बघतात, तेव्हा सिलॅबस काढून ठेवा.

मग त्यानं बर्लिनच्या एका खासगी विद्यापीठाचं पत्र पुढे केलं. विषय इंजिनीअरिंग मॅनेजमेंट, जो तिनं कधी मागितलाच नव्हता. ही सेफ्टी सीट, २,००० युरो भरून धरून ठेवा, सरकारी लागलं की परत मिळतात, मुदत १० मे. खासगी विद्यापीठं एजंटांना विद्यार्थ्यामागे कमिशन देतात, सरकारी विद्यापीठं देत नाहीत, ही गोष्ट या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे आणि पालकांना कुणी सांगत नाही. एजंटचा सल्ला प्रॉडक्शनवरून मॅनेजमेंटवर आणि सरकारीवरून खासगीवर घसरायला लागला, की तिथेच उठा.

मी आमच्याच बँकेच्या शाखेत गेलो. आरटीजीएसचा फॉर्म भरला, दोन लाख. काउंटरवरचा मुलगा माझ्या हाताखाली शिकलेला. त्यानं खाते क्रमांक टाकला, स्क्रीनवर नाव आलं, आणि तो म्हणाला, 'साहेब, फर्मचं नाव येत नाही. माणसाचं येतंय. करू ना?'

हे वाक्य मी तेव्हापासून रोज ऐकतो. मी त्याला थांब म्हणालो आणि एजंटला फोन लावला. 'काका, फर्मचं करंट अकाउंट ऑडिटला आहे, म्हणून प्रोप्रायटरच्या खात्यावर घेतोय. उद्याची मुदत आहे.' बँकेचं खातं ऑडिटला जात नाही. मला हे ३१ वर्षं माहीत आहे. परदेशी विद्यापीठाची फी आपल्या बँकेच्या फॉरेक्समधून, ए-टू फॉर्म भरून, थेट विद्यापीठाच्या खात्यावर जाते, मध्ये कुणाचं बचत खाते येत नाही, हेही माहीत होतं. माझ्या समोर कुणी कर्जदार असं बोलला असता तर फाइल मिटवली असती. पण त्या क्षणी मला फक्त १० मे दिसत होती आणि मुलीचं वर्ष दिसत होतं. मी त्या मुलाला म्हणालो, 'कर.' त्यानं केलं. आता त्या शाखेत पेन्शनसाठी गेलो की तो मान खाली घालतो. त्यानं विचारलं होतं. मी ऐकलं नाही.

जुलैत त्यानं ब्लॉक्ड अकाउंट मागितलं. राहण्याच्या खर्चाचे वर्षाचे ११,९०४ युरो आधी गुंतवावे लागतात, ही अट खरी आहे. त्याचे ११,९०,४०० रुपये 'आमच्यामार्फत' भरायचे म्हणाला. मी मुदत ठेव मोडायला निघालो होतो. मुलीनं कॉलेजच्या एका सीनियरला सहज विचारलं, तो तिथेच शिकतोय. तो म्हणाला, ते खातं तुझ्या नावानं उघडतं, पैसे तुझ्या बँकेतून थेट तिकडे जातात, महिन्याला ९९२ युरो तुलाच परत मिळतात. मध्ये कोण आहे? त्याच रात्री तिनं युनी-असिस्टला स्वतःच्या जुन्या ईमेलवरून विचारलं. तिच्या नावाचा एकही अर्ज नव्हता. खासगी विद्यापीठानंही कळवलं की कुठलीही अनामत आलेली नाही. तोवर बहुतेक मुदती गेल्या होत्या. २२ जुलैला मी पुण्यात त्या तिसऱ्या मजल्यावर गेलो तर कुलूप. वॉचमन म्हणाला, महिनाअखेरीला भाडं थकवून गेले.

आणि इथून पुढचा मनस्ताप पैशांपेक्षा मोठा.

पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात साडेतीन तास बाकावर बसलो. फाइल उघडलीसुद्धा नाही. 'काका, करार आहे ना तुमचा? मग हा दिवाणी मामला, कोर्टात जा.' मी म्हटलं, खोटी पावती दिलीय, ही फसवणूक आहे. 'पैसे कुठून पाठवले? तिकडून ना? मग तिकडे तक्रार करा.' परत आलो. आमच्याकडच्या ठाण्यात सांगितलं, 'ऑफिस पुण्याला आहे, गुन्हा तिकडे घडला.' सायबरला गेलो तर म्हणाले, तुम्ही स्वतः ऑफिसला गेला होता, समोरासमोरचा व्यवहार आहे, हे सायबरमध्ये बसत नाही. १९३० वर, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला, त्यांनी निदान तक्रारीचा नंबर दिला, पण पैसे मे मध्ये गेलेत, खात्यात आता काही नाही, म्हणाले. हे आपल्यालाही समजतं, की पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम अडवता येते. पण मला कळलंच जुलैत, तर मी काय करायचं होतं? त्याचं खातं ज्या बँकेत होतं तिला तीन पत्रं पाठवली. 'ग्राहकाची माहिती देता येत नाही.' मी माहिती मागितली नव्हती, खातं गोठवा म्हटलं होतं. चार ठिकाणी चार माणसं, आणि चौघांनीही मला दुसऱ्याचा पत्ता दिला. वय ६१, हातात पिशवी, पिशवीत झेरॉक्स, आणि प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न: 'एवढे शिकलेले, बँकेतले, तरी कसे फसलात?'

हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, हे मला शेजारच्या वकिलांनी सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याला माहिती नोंदवावी लागते. नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवायचं, त्यानंतर न्यायदंडाधिकारी. मी ऑगस्टमध्ये रजिस्टर पोस्टानं पाठवलं. पोच आहे, उत्तर नाही. ठाण्यात जाताना कलमाचा आकडा कागदावर लिहून न्या आणि तोंडी नकार ऐकून घरी येऊ नका, लेखी मागा.

परदेशात नोकरी लावणाऱ्या एजंटला १९८३ च्या कायद्यानं सरकारी नोंदणी लागते. विद्यार्थ्यांना पाठवणाऱ्याला तशी लागत नाही. दुकान नोंदवलं, भिंतीवर फोटो लावले की झाला सल्लागार. तेव्हा 'आम्ही रजिस्टर्ड आहोत' याला काडीचीही किंमत देऊ नका.

ग्राहक आयोगाचं मात्र उपयोगी पडलं. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. सप्टेंबरमध्ये ऑनलाइन दाखल केली. समोरच्या पत्त्यावरची नोटीस परत आली, कारण तिथे कुणी नाही. पुढची तारीख पडली आहे. करार, पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी, काही पुसू नका, फोन बदलला तरी.

मुलीनं मध्यंतरी चार महिने एजंट हा शब्द घरात काढू दिला नाही. नंतर स्वतःच बसली. डीएएडी ही जर्मनीची विद्यार्थी-देवाणघेवाणीची संस्था, तिच्या साइटवर अभ्यासक्रम शोधता येतात, फुकट. ती प्रत्येकाची मुदत आणि अट वहीत लिहिते. बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात आणि म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानंही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून आपल्यासारख्यांना फी लावलीय, हे तिला आता कुणी सांगावं लागत नाही. आमच्या त्या सरांनी सहा महिन्यांत या दोन्ही गोष्टी एकदाही काढल्या नव्हत्या. या वेळी तिची पाच विद्यापीठं आहेत, त्यातली चार युनी-असिस्टमधून. १६५ युरो. मागच्या रविवारी तिनं माझ्यासमोर बसून भरले, आणि पावती तिच्या स्वतःच्या ईमेलवर आली.