फेअरफोन 5: मजुरीचाही हिशेब मांडणारा फोन

अ‍ॅमस्टरडॅमच्या कंपनीने 2023 साली आणलेला फोन, तेव्हाची किंमत 699 युरो. मागचं झाकण नखाने निघतं, 4200 एमएएचची बॅटरी हाताने उचलता येते. स्क्रीन आणि चार्जिंग पोर्ट साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने बदलता येतात. पाच वर्षांच्या वॉरंटीसाठी नोंदणी मात्र करावी लागते.

खरी जमेची बाजू कारखान्यातली. कामगाराचा पगार आणि घर चालवायला लागणारी मजुरी यांतली तफावत बोनसने भरून काढायची, अशी ही योजना. खर्च फोनमागे जेमतेम दोन डॉलर! मग बड्या ब्रँडना अडतं कुठे? अर्थात हे जुळणीच्या टप्प्यापुरतं. चिप आणि सुटे भाग बनवणारे हात बहुतांशी बाहेरच राहतात.

कॅमेरा ठीकठाक, हेडफोन जॅक गायब. भारतात अधिकृत विक्री नसल्याने सुटे भाग युरोपातूनच मागवावे लागतील.