गहाणखतातली माणसं: एका डेटाबेसचा परीक्षणवजा अनुभव

बँकेत एकतीस वर्षं कर्जाच्या फायली उपसल्या. त्यामुळे असेल, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा ब्रिटिश गुलामगिरीच्या वारशाचा डेटाबेस मी वसुलीवाल्याच्या नजरेनंच उघडला. फुकट आहे.

१८३३ च्या कायद्यानं वसाहतींतल्या गुलामांना मुक्त करताना ब्रिटिश सरकारनं २ कोटी पौंड भरपाई मंजूर केली, तीही मालकांना. गुलामांना छदामही नाही; उलट बहुतेकांना १८३८ पर्यंत ‘उमेदवारी’च्या (शिकाऊ कामगारीच्या) नावाखाली राबवून घेतलं. त्या भरपाईच्या ४६,००० च्या आसपास दाव्यांच्या नोंदी इथे आहेत. (कंपनी सरकारचा मुलूख कायद्यातून वगळला होता, म्हणून हिंदुस्थान शोधू नका.)

पहिलं नाव टाकलं जॉन ग्लॅडस्टनचं, चारदा पंतप्रधान झालेल्या विल्यमच्या वडिलांचं. अडीच हजारांवर माणसांपोटी लाखाहून जास्त पौंड! पण मी खरा अडकलो तो भलत्याच नोंदींत. मळा एकाचा, पैसे घेणारा दुसराच: लंडनचा सावकार-व्यापारी, म्हणजे गहाणदार. जमिनीबरोबर माणसंही तारण होती. भरपाई आली आणि बुडीत जायला आलेलं कर्ज सरकारी पैशानं फिटलं. आमच्या भाषेत, खातं बंद.

इतिहासकार एरिक विल्यम्सनं १९४४ मध्ये मांडलं की गुलामगिरीच्या नफ्यानं औद्योगिक क्रांतीला भांडवल पुरवलं, आणि कॅरिबियनमधली ऊस-बेटं उतरणीला लागल्यावर ब्रिटनला गुलामगिरी नकोशी झाली. अर्थ-इतिहासकार स्टॅन्ली एंगरमननं हिशेब मांडून म्हटलं, गुलामांच्या व्यापाराचा नफा एवढं सगळं पेलण्याइतका मोठा नव्हता. १९७७ मध्ये इतिहासकार सिमूर ड्रेशर म्हणाला, उतरण कसली, चालता धंदा मोडला. दोघांचेही मुद्दे वजनदार आहेत. पण नफ्याचा आकडा लहान म्हणून विषय मिटला, हे मला पटत नाही. त्या तारणावर किती हुंड्या फिरल्या, ते कोण मोजणार?

त्याचं उत्तर इथेही नाही. अमक्यानं पुढे रेल्वेचे शेअर घेतले हे दिसतं. याच पैशातून घेतले का, ते बहुधा कळत नाही. आणि दाव्यात मालक नावानिशी, माणसं मात्र संख्येत. कागदच तसा आहे, त्याला हे लोक काय करणार?

आडनावापेक्षा मळ्याच्या नावानं शोधलं तर हाती जास्त लागतं. डेमेरारातला (आजच्या गयानातला) ‘सक्सेस’ मळा काढून बघा. १८२३ चा गुलामांचा उठाव तिथूनच पेटला. मालक ग्लॅडस्टनच.