टीपीए६१३०ए२ : नऊ महिने खिशात, ऑफिसच्या टेबलावर आणि बाबांच्या उशाशी

आधीच सांगून टाकतो, हेडफोनला ताकद देणारी ही आयसी, म्हणजे छोटी अँप्लिफायर चिप, मी आकड्याला भुलून घेतली. ती बनवणाऱ्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या डेटाशीटवर, म्हणजे तांत्रिक माहितीपत्रकावर, मथळ्यातच १३८ मिलीवॅट लिहिलेलं आहे. मी रोज ठाण्याहून कोपरखैरण्याला जातो. नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून सुटणाऱ्या गाडीत दाराशी उभं राहिलं की फोनच्या डोंगलमधून (फोनला हेडफोन जोडायचा छोटा अडॅप्टर) येणारं गाणं खडखडाटात अर्धं बुडतं. डोंगल देतो १ व्होल्ट. माझ्या ८० ओम रोधाच्या हेडफोनला त्यातून मिळतात साडेबारा मिलीवॅट. म्हटलं, इथे १३८ आहेत, कान तृप्त होतील.

झालं असं की या आयसीचा जास्तीत जास्त गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवते तो आकडा, ४ डेसिबल आहे. १ व्होल्ट आत घातला तर बाहेर १.५८ व्होल्ट येतात, बस. म्हणजे साडेबाराचे एकतीस मिलीवॅट झाले, ताकद अडीचपट झाली, आणि कानाला मात्र जरासाच फरक कळला. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. ते १३८ मिलीवॅट १६ ओमच्या इअरफोनवरचे होते, आणि गेनचा आकडा डेटाशीटमध्ये होताच. मीच तिथपर्यंत वाचलं नव्हतं.

तरीही दिवाळीनंतर ही आयसी घालून बनवलेली डबी आज ऑगस्टमध्येही बॅगेत आहे, आणि मधल्या काळात तशीच दुसरी केली. का, ते सांगतो.

याआधी माझ्याकडे टीडीए१३०८ची डबी होती. लॅमिंग्टन रोडला हेडफोन अँप्लिफायर मागितला की दुकानदार बहुतेक वेळा हीच पुढे करतो. फिलिप्सची जुनी, आठ पायांची, स्वस्त आणि इमानदार आयसी. ३ ते ७ व्होल्टवर चालते, बिघडत नाही. तिची अडचण तिच्यात नाही, बॅटरी एकच असण्यात आहे. ३.७ व्होल्टच्या सेलवर तिचं आउटपुट मधोमध, १.८५ व्होल्टवर तरंगत असतं. ते तसंच हेडफोनला जोडलं तर कॉइलमधून सतत डीसी, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह, वाहील. म्हणून मध्ये डीसी अडवणारा कपॅसिटर घालावा लागतो, आणि तो कपॅसिटर खालचे सूर खातो. माझ्या तयार मॉड्यूलवर १०० मायक्रोफॅरडचे होते. गणित केलं तर ३२ ओमच्या इअरफोनला ५० हर्ट्झच्या खाली उतार लागतो, १६ ओमला थेट १०० हर्ट्झपासून. तबला ऐका, डग्ग्याचा घुमारा तिथेच तर असतो. मी दोन वर्षं माझ्या १६ ओमच्या इअरफोनलाच नावं ठेवत होतो. ४७० मायक्रोफॅरडचे घातले तर १६ ओमलाही २१ हर्ट्झपर्यंत जाता येतं, पण मग डबीत दुसरं काही मावत नाही. शिवाय चालू करताना कपॅसिटर भरतो तेव्हा कानात धप्प होतं, ते वेगळंच.

टीपीए६१३०ए२ या भानगडीत पडतच नाही. तिच्या पोटात चार्ज पंप आहे. १ मायक्रोफॅरडचा चिमुकला सिरॅमिक कपॅसिटर बॅटरीकडून भरून घ्यायचा, उलटा करायचा आणि जमिनीच्या (सर्किटमधला शून्य व्होल्ट) खालच्या बाजूला रिकामा करायचा, हे ती कानाला न कळणाऱ्या वेगाने करत राहते. त्यातून ऋण व्होल्टेज तयार होतं आणि आउटपुट शून्यावर बसतं. मोठा कपॅसिटर गेला, उतार गेला, धप्प गेलं. पहिल्या रात्री तेच जुने १६ ओमचे इअरफोन लावले आणि डग्गा अगदी समोर बसल्यासारखा वाजला. इअरफोनची मनातल्या मनात माफी मागितली.

पहिल्या रात्री म्हणालो खरं, पण त्या रात्रीपर्यंत पोचायला तीन आठवडे गेले. आयसी ४ मिलीमीटर चौरस आहे, वीस पाय, तेही पोटाखाली वळवलेले, आणि मधे एक पॅड. साध्या सोल्डरिंग आयर्नने हे होत नाही. मी हट्टाने करून एक आयसी जाळली. मग स्टेशनजवळच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने मायक्रोस्कोपखाली बघितलं, विचारलं, "कुठल्या फोनची आहे?" कुठल्याच नाही म्हटल्यावर त्याला विनोद वाटला. तरी पेस्ट लावून, हॉट एअर मारून दोन मिनिटांत बसवली आणि दीडशे रुपये घेतले. तसा त्याचा प्रश्न रास्तच होता. २००९च्या नोकिया एन९०० मध्ये हेडफोनसाठी हीच आयसी होती. लिनक्स कर्नेलमध्ये तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा कोड, आहे, आणि मला डेटाशीटइतकाच त्याचा उपयोग झाला.

कारण हिला साधा व्हॉल्यूमचा कान पिळता येत नाही. आय-टू-सी वरून, म्हणजे चिप्सच्या आपसात बोलायच्या दोन तारांवरून, मायक्रोकंट्रोलरने बोलावं लागतं. मी एटीटायनी८५ हा छोटा मायक्रोकंट्रोलर घातला, दोन बटणं, संपलं. पण दोन संध्याकाळी डबी मुकी. चालू होते तेव्हा ही आयसी दोन्ही बाजू म्यूट करून, अँप्लिफायर बंद ठेवून बसते. कोणी सांगेपर्यंत तोंड उघडत नाही. वर शटडाउनचा पाय मी लोंबकळत ठेवलेला. तो बॅटरीला ओढला, रजिस्टर (आतले सेटिंगचे कप्पे) बरोबर लिहिले, आणि बोलली. (मधल्या काळात एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेल्या दोन आयसी तर आय-टू-सीच्या पत्त्यावर उत्तरच देत नव्हत्या. वरची अक्षरं अल्कोहोलने पुसली गेली. पैसे परत मिळाले नाहीत.)

सर्वात जास्त उपयोग झाला तो महापेच्या ऑफिसात, जिथे मला अपेक्षाच नव्हती. तिथल्या पीसीच्या पुढच्या जॅकला इअरफोन थेट लावले की आवाज चोंदल्यासारखा येतो. त्या जॅकचा स्वतःचा रोध बराच असावा, आणि इअरफोनचा रोध प्रत्येक सुराला वेगळा असतो, त्यामुळे काही सूर दबतात, काही उगाच पुढे येतात. मध्ये डबी घातली की जॅकवर भार पडत नाही आणि इअरफोनला जवळजवळ शून्य रोधाचं आउटपुट मिळतं. फरक लगेच कळतो.

मात्र त्याच पीसीच्या यूएसबीवर डबी चार्जिंगला लावली की माउस हलवला तरी कानात किर्रर्र. ऑडिओच्या वायरची जमीन आणि यूएसबीची जमीन अशा दोन वाटा झाल्या होत्या. इथे या आयसीचा एक गुण कामाला आला, ज्याकडे मी आधी दुर्लक्ष केलं होतं. तिचे इनपुट डिफरन्शियल आहेत, दोन टोकांमधला फरकच ती वाढवते. मी ऋण इनपुट कपॅसिटरमधून बोर्डावरच जमिनीला टेकवला होता. तोच कपॅसिटर तिथून सोडवला आणि वेगळ्या वायरने इनपुट जॅकच्या जमिनीपाशी नेला. आता जमिनीवरची घाण दोन्ही टोकांना सारखीच लागते आणि वजा होते. किर्रर्र पूर्ण गेली म्हणणार नाही. गाणं थांबलं की कान देऊन ऐकल्यास सापडते. चार आण्यांच्या वायरला एवढं पुष्कळ झालं.

गाडीत? गाडीत काही नाही. खरंच नाही. एकतीस मिलीवॅट असोत की तीनशे, गोंगाटावर आवाज चढवत नेणं हा कान घालवायचा मार्ग आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास आहे आणि लोकलच्या खडखडाटाच्या वर वाजवून गाणं ऐकायचं तर हिशेब कुठे जातो ते दिसतंच. गाडीतला प्रश्न शेवटी नीट बसणाऱ्या सिलिकॉनच्या टोप्यांनी सोडवला, इअरफोन विकणाऱ्याने फुकट दिलेल्या. हेडफोन घरी ठेवले. या आयसीवर ते काम टाकलं होतं ही चूक माझी.

व्हॉल्यूमच्या चौसष्ट पायऱ्या आहेत, उणे ५९ पासून अधिक ४ डेसिबलपर्यंत. ऐकायला झकास. पण त्या सारख्या नाहीत. वरच्या पंचवीस पायऱ्या जेमतेम अर्ध्या डेसिबलच्या; बटण दाबत राहा, काही बदललं की नाही कळत नाही. तळाशी मात्र पहिली पायरी ६ डेसिबलची, पुढच्याही काही दीड ते तीनच्या. ड्रायव्हरमधला तक्ता बघितला तेव्हा हा उलगडा झाला. दिवसा याने काही बिघडत नाही. रात्री बिघडतं.

रात्रीची गिऱ्हाइकी बाबांची. नौपाड्यातलं आमचं घर जुनं, भिंती पातळ, आणि बाबांना साडेअकराला नाट्यगीतं ऐकल्याशिवाय झोप येत नाही. आईला आवाजाने येत नाही. मी डबी बाबांना दिली. दुसऱ्याच दिवशी तक्रार आली. "अरे, एकदा दाबलं तर कुजबुजतो, परत दाबलं तर अंगावर येतो. मधलं काही नाहीच का तुझ्याकडे?" त्यांना कोणी तक्ता दाखवला नव्हता, कानानेच सापडलं. उपाय सोपा निघाला. फोनचा आवाजच निम्म्यावर ठेवायचा, म्हणजे डबीला वरच्या, बारीक पायऱ्यांत खेळता येतं. वर गेल्यावर एका दाबाला तीन पायऱ्या असंही कोडमध्ये लिहून टाकलं.

त्याआधी एक प्रकार घडला तो न सांगितलेला बरा, पण सांगतो. शेवटचा व्हॉल्यूम लक्षात ठेवायची हुशारी मी केली होती. एका संध्याकाळी गाडीतून उतरताना डबी पंचावन्नाव्या पायरीवर होती आणि रात्री बाबांनी तशीच कानाला लावली. ताडकन उठून बसले. आई जागी झाली ती झालीच. तेव्हापासून डबी कायम आठव्या पायरीपासून सुरू होते, कोणी काही म्हणो.

बाबांचा बटणांचा जुना टू-जी फोनही उशाशी असतो. फोन यायच्या दोन सेकंद आधी कानात टिर्र-टिर्र. जीएसएम फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा झटके देऊन बोलतो, तोच आवाज. अशा आयसींच्या डेटाशीटमध्ये पुरवठ्यातला गोंगाट किती दबतो याचा आकडा बहुधा २१७ हर्ट्झलाच देतात आणि हिचा चांगला आहे. पण माझ्या बोर्डावर त्रास बॅटरीकडून नव्हे, लांब वायरींकडून येत होता. वायरी आखूड केल्या, सगळं गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत घातलं, डबी जमिनीला जोडली. आता फोन डबीवरच ठेवला तर येतो, नाहीतर नाही.

बॅटरीबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. आयसी अडीच ते साडेपाच व्होल्टवर चालते, म्हणून लिथियम सेल थेट जोडता येतो, व्होल्टेज चढवणारं मॉड्यूल लागत नाही आणि त्याचा गोंगाटही येत नाही. मी आठवड्यातून एकदा चार्ज करतो. सेल संपून संरक्षण सर्किटने तोडला की एक टक होतं, नऊ महिन्यांत तेवढाच काय तो दणका. जुलैत एका बाजूचा आवाज खरखरायला लागला तेव्हा मी आयसी गेली असंच धरलं होतं. होता तो जॅक. ठाण्याचा पावसाळा आणि शर्टाच्या खिशातला घाम यांनी आतली पाती काळी पडली होती. नवा जॅक बसवला.

सगळं मिळून एका डबीला बाराशेच्या आत खर्च आला, जाळलेली आणि बनावट आयसी सोडून. सोल्डरिंग आणि थोडं कोडिंग येत नसेल तर या वाटेला जाऊ नका. तेवढ्यात चांगला डोंगल येतो. ३०० ओमच्या हेडफोनसाठी शोधत असाल तरी नको, ४ डेसिबल गेनमध्ये काही हाती लागणार नाही. कमी ओमचे इअरफोन आणि वाईट जॅक असं जमलेलं असेल तर मात्र घ्या.

एक उणीव मला मुळात दिसलीच नव्हती. व्हॉल्यूमचं रजिस्टर दोन्ही कानांना मिळून एकच आहे. डावा-उजवा वेगवेगळा म्यूट करता येतो, कमी-जास्त करता येत नाही. बाबांचा डावा कान मंद आहे. फोनच्या सेटिंगमध्ये तोल डावीकडे सरकवून बघितला, पण तोच फोन सकाळी आई भजनं ऐकायला घेते आणि मग, "याच्यात एकाच बाजूला गातायत" असं होतं. शेवटी बाबांच्या डबीत उजव्या बाजूला ३३ ओमचा रेझिस्टर घातला. ३२ ओमच्या इअरफोनला त्याने साधारण ६ डेसिबल उतरतात. इतका वेळ ज्या शून्य रोधाचं कौतुक केलं त्याची वाट लावली म्हणा, पण बाबांच्या मते गायक आता मधोमध बसलाय. त्या डबीला आईच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, सकाळच्या घाईत माझ्या बॅगेत जाऊ नये म्हणून. तरी परवा गेलीच. ऐरोली येईपर्यंत मी उजव्या कानातला मळ शोधत होतो.