सॅमसंगचा गॅलक्सी झेड फ्लिप ५ घ्यावा की फ्लिप ६?

घडीचा फोन घ्यायचा, एवढं माझं पक्कं आहे. विरार लोकलमध्ये एक हात कडीला असताना मिटलेला फोन कुर्त्याच्या खिशात नीट बसतो आणि बाहेरच्या ३.४ इंची स्क्रीनवर मेसेज दिसतो. हे सुख दोन्हींत सारखंच. वजनही दोन्हींचं १८७ ग्रॅम.

खरा फरक बॅटरीत आहे. २०२३ च्या फ्लिप ५ मध्ये ३७०० एमएएच, २०२४ च्या फ्लिप ६ मध्ये ४०००. सकाळी सातला घर सोडून रात्री नऊला परतणाऱ्याला हे वाढीव ३०० हवेच असतात. मुख्य कॅमेरा १२ चा ५० मेगापिक्सेल झाला, रॅम ८ ची १२ जीबी. पण माझ्या मते सगळ्यात मोलाचे अपडेट: फ्लिप ६ ला ते सात वर्षं मिळतील, फ्लिप ५ ला सुरक्षेचे फक्त पाच वर्षं, म्हणजे २०२८ पर्यंत. फ्लिप ५ स्वस्तात मिळत असेल, तर आधी हे गणित मांडा.

पावसाचं म्हणाल, तर दोन्ही फोन दीड मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास तग धरतात. धुळीचं तसं नाही. फ्लिप ६ च्या आयपी४८ या धूळ-पाणी रोखण्याच्या मानांकनातला ४ म्हणजे एक मिलिमीटरहून मोठे कण अडतील, इतकंच. जुहूची वाळू त्याहून बारीक, आणि बिजागरीत ती शिरायला नको. खारं पाणी तर दोन्हींना वर्ज्य.

मी फ्लिप ६ घेणार आहे. चौपाटीवर मात्र तो पिशवीतच राहील.