बेदाण्याची आडत आणि एक्सेल: एका हंगामाच्या वापरानंतर

सांगलीच्या मार्केट यार्डातील आमच्या आडत दुकानाचा हिशेब बेदाण्याच्या हंगामाच्या सुरुवातीला वहीवरून एक्सेलवर आणला आणि दिवाळीपूर्वीच्या झिरो पेमेंटपर्यंतचे (सर्व थकीत येणे-देणे चुकते करण्यापर्यंतचे) सर्व व्यवहार त्यावरच केले. त्या वापरानंतर बनलेले माझे मत असे, की हिशेब करण्यासाठी एक्सेलसारखे साधन नाही. हिशेब जपून ठेवण्यासाठी मात्र ते पुरेसे नाही.

खरा लाभ पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीचा हिशेब, करताना झाला. एकाच शेतकऱ्याच्या हिरव्या, पिवळ्या आणि काळ्या मालाला वेगवेगळा दर मिळतो. त्यातून तूट, हमाली, तोलाई आणि आधी दिलेली उचल वजा करावी लागते. सूत्रे एकदा नीट बसवली, की वजन आणि दर भरताच निव्वळ रक्कम समोर येते आणि शेतकरी दुकानात असतानाच पट्टी त्याच्या हातात देता येते. कोणत्या खरेदीदाराकडे किती दिवसांचे येणे थकले आहे, हेही फिल्टर लावून लगेच कळते. एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यामुळे जागेची अडचण आम्हाला कधीच येणार नाही.

अडचण आहे ती न बोलता होणाऱ्या बदलांची. लॉट क्रमांक ‘३-१२’ असा भरला, की त्याची तारीख होते. बेदाण्याचा एचएसएन (जीएसटीसाठीचा वस्तूचा सांकेतिक क्रमांक) ०८०६ असा लिहिला, तर पुढचे शून्य गळून ८०६ उरतो. याहून घातक म्हणजे मजकूर म्हणून साठवलेला आकडा डोळ्यांना आकडाच दिसतो, पण बेरजेत धरला जात नाही, आणि तशी सूचना बेरीज कधीच देत नाही. व्हीलुकअप या तक्त्यातून माहिती शोधून आणणाऱ्या सूत्रात शेवटचा पर्याय दिलाच नाही तर ते ‘जवळचे’ उत्तर शोधते. तासगाव तालुक्यातील एका गावात एकाच नावाचे दोन पाटील असतील, तर अचूक जुळणी मागूनही सूत्र पहिल्याचीच उचल आणते. म्हणून प्रत्येक शेतकऱ्याला स्वतंत्र खातेक्रमांक द्यावा आणि लॉट व एचएसएनचे रकाने आधीच मजकूर स्वरूपात ठेवावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरा दोष मला अधिक गंभीर वाटतो. संगणकावर साठवलेल्या साध्या फाइलमध्ये दर कोणी आणि कधी बदलला, याची नोंद राहत नाही. शिवाय तीच फाइल व्हॉट्सॲपवरून फिरली, की कोणती प्रत खरी हे ठरवणे कठीण होते. कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहणे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. आमच्यासारख्या मालकीच्या दुकानाला तो नियम लागू नाही, पण शेतकऱ्याचा पैसा ज्या वहीत असतो तिला तो लागू असल्यासारखेच वागावे.

त्यामुळे पुढील हंगामापासून सौदा आणि पट्टी एक्सेलवर, तर खतावणी (खातेवार नोंदी) व जीएसटी लेखा सॉफ्टवेअरमध्ये, अशी विभागणी आम्ही ठरवली आहे. दोन्हीकडील येणे-देणे दर आठवड्याला ताडून पाहिले जाईल.