झटका मशीनवाल्याकडे डीएक्स-७

दर्यापूरच्या बाजारात एक बिनपाटीचं दुकान आहे. फवारणीचे बॅटरीपंप आणि रानडुकरांसाठीची झटका मशीन दुरुस्त होतात. तिथे मी माझा यामाहा डीएक्स-७ हा सिंथेसायझर नेला, यावरून आमचा ढोलकीवाला अजून हसतो.

१९८३ साली बाजारात आलेलं मॉडेल, मुंबईहून जुनं घेतलेलं. गावात सगळे त्याला कॅसिओच म्हणतात. ऐन लग्नसराईत त्यावर ई-पियानोचा सूर लावला तर भांडी पडल्यासारखा आवाज! नागपूरच्या एका कारागिराने झाकण न उघडताच "प्रोसेसर गेला, पार्ट भेटत नाही" असं सांगितलं, आणि वर आठ हजारांत विकत मागितला.

इथल्या काकांनी आधी वाजवायला लावलं. मग म्हणाले, "प्रोसेसर मेला असता तं एकही पट्टी बोलली नसती. हे तं वाजून राह्यलं. याले फक्त आठवण राह्यत नाही, भाऊ."

झाकण उघडून दाखवलं. हिताचीचा ६३०३ हा आठ बिटांचा मुख्य प्रोसेसर, आणि कोणती पट्टी दाबली ते बघायला वेगळा ६८०५. सूर मात्र या दोघांपैकी कोणीच काढत नाही. ते काम यामाहाच्या स्वतःच्या खास चिप्सचं. प्रोसेसर नुसता मुकादम. तुमचे ३२ व्हॉइस, म्हणजे साठवलेले आवाज, असतात रॅम या मेमरीत, आणि ती रॅम जगते एका सीआर२०३२ या चपट्या सेलवर. तो सेल बोर्डाला सोल्डर केलेला. मीटरवर तीनच्या जागी दोन व्होल्टही भरेनात.

काकांनी नवा सेल होल्डरमध्ये बसवला, म्हणजे पुढच्या वेळी मीच बदलू शकतो. सगळे मिळून ३५० रुपये.

तक्रारी आहेतच. सोयाबीनच्या फवारणीचे दिवस, त्यामुळे पंप आधी आणि माझं १४ किलोचं धूड १९ दिवस कोपऱ्यात. शिवाय सेल काढला की उरलेसुरले व्हॉइसही पुसले जातात, हे आधी सांगायला हवं होतं. घरी लॅपटॉपवरून मिडीने, म्हणजे वाद्यं जोडायच्या केबलने, परत भरले. ३२ व्हॉइस म्हणजे जेमतेम ४,१०४ बाइट, दीड सेकंदही लागत नाही. मला मात्र अख्खी संध्याकाळ लागली, कारण मेमरी प्रोटेक्ट, म्हणजे मेमरीत नवं काही भरू न देणारं कुलूप, बंद करायचंच विसरलो होतो.

मधली एक पट्टी अजून अडखळते. तिला दिवाळीनंतर नेईन, पंपांची गर्दी ओसरली की.